खेळाच्या संगणकाचे सुटे भाग : निवड कशी करावी ?

संगणक विकत आणणें आणि संगणक जोडणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलींत दुकानदार सांगेल ती किंमत देऊन तयार पेटी घरीं आणावयाची. दुसरींत एकेक भाग स्वतः पारखून घेऊन आपल्या हातानें बसवावयाचा. आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या मुलांस अलीकडे या दुसऱ्या प्रकाराचा छंद लागला आहे, आणि त्यांतही त्यांची ओढ खेळाच्या संगणकाकडे, म्हणजे बाजारांत ज्याला ‘गेमिंग पीसी’ म्हणतात त्याकडे, विशेष आहे. छंद वाईट नाहीं. परंतु यवतमाळ जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत हा पैसा कापसाच्या किंवा सोयाबीनच्या विक्रींतून येतो, व तो वर्षांतून एकदांच येतो. सबब निवड चुकली तर ती सुधारावयास पुढील हंगामाची वाट पाहावी लागते. म्हणून या विषयाची थोडी फोड करून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम नांवांचा घोळ सोडवूं. आमच्या परिचयाच्या एका शेतकरी पालकांनीं कापूस विकून आलेल्या रकमेंतून मुलासाठीं असा एक तयार संगणक आणला. पावतीवर मजकूर एवढाच : ‘आय-सेव्हन, १६ जीबी, ग्राफिक्स कार्डसह.’ पेटींतील पंखे सात रंगांत उजळत. परंतु नवा खेळ लावला कीं चित्र अडखळे. झांकण काढून पाहतां आंत कोअर आय-७ ३७७० हा २०१२ सालीं निघालेला प्रोसेसर आणि जीटी ७३० हें २०१४ सालचें कार्ड निघालें. गंमत अशी कीं, पावतीवरील एकही शब्द खोटा नव्हता ! ‘आय-सेव्हन’ ही केवळ पायरी होय. पिढी कोणती हें पुढील आंकड्यांवरून कळतें. ३७७० यांतील पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी. १२१०० यांतील पहिले १२ म्हणजे बारावी. २०२२ सालचा हा बाराव्या पिढीचा आय-३ त्या जुन्या आय-७ पेक्षां पुष्कळच वेगवान आहे. शिवाय विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केली, आणि विंडोज ११ साठीं त्या कंपनीनें दिलेल्या यादींत इतके जुने प्रोसेसर नाहींत. बियाण्याचें पाकीट घेतांना जो शेतकरी कंपनीच्या नांवावर न थांबतां वाण आणि मुदतीची तारीख वाचतो, त्यानें संगणकाच्या पावतीवरही प्रत्येक भागाचा पूर्ण क्रमांक लिहून मागावा. जो दुकानदार तो लिहून देण्यास कांकूं करतो, त्याच्याकडून काडीही घेऊं नये.

निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांस बसतात तरी कसे, असें पालक विचारतात. याचें श्रेय मुख्यतः अमेरिकेंतील आयबीएम कंपनीच्या १९८१ सालच्या ‘पीसी’ला आहे. यंत्र लवकर बाजारांत आणावयाचें असल्यामुळें त्या कंपनीनें बहुतेक भाग बाहेरून विकत घेतले, आणि त्यांची जुळणी कशी आहे हेंही छापून प्रसिद्ध केलें. मग इतरांनीं तसेच भाग बनविण्यास आरंभ केला. पुढें १९९५ सालीं इंटेलनें मदरबोर्ड, पेटी व वीज देणारा भाग यांसाठीं ‘एटीएक्स’ हें माप घालून दिलें, तें अद्याप चालू आहे. बाहेरचे भाग जोडून केलेलें यंत्र हलक्या प्रतीचें, असा जो एक समज आहे तो मात्र कोणी बाळगूं नये. यवतमाळची शकुंतला गाडी ज्या मूर्तिजापुरास जात असे, त्याच तालुक्यांतील मुरंबा येथें १९४६ सालीं डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. अमेरिकेनें भारतास हवा होता तो शक्तिमान ‘क्रे’ महासंगणक देण्याचें नाकारलें, तेव्हां १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था निघाली. आणि भटकरांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ उभा केला. त्यांतील ‘ट्रान्सप्युटर’ नांवाच्या चिप ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीच्या, विकत मिळणाऱ्याच होत्या. कौशल्य होतें तें अशा अनेक लहान चिप एका कामाला जुंपण्यांत.

आतां निवडीच्या क्रमाकडे वळूं. मुलांच्या यादींत प्रोसेसर सर्वांत वर असतो, व मॉनिटर अगदीं खालीं, ‘उरलेल्या पैशांत’. आमच्या मतें यादी उलटी करावी. कोणते खेळ खेळावयाचे आणि कोणत्या पडद्यावर, हें आधीं ठरवावें. बाकीचें त्यावरून ठरतें. नेहमींच्या ‘फुल एचडी’ पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकंदर २०,७३,६००. ‘फोर-के’ पडद्यावर ते ८२,९४,४०० होतात, बरोबर चौपट. ६० हर्ट्‌झचा पडदा सेकंदास ६० चित्रें दाखवितो. १४४ हर्ट्‌झचा १४४. पहिल्यासाठीं एक चित्र काढावयास यंत्रास सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात, दुसऱ्यासाठीं सुमारे ७. जें यंत्र साध्या पडद्यावर सुखानें खेळ चालवितें, तेंच फोर-के पडद्यापुढें धापा टाकूं लागतें तें याच गणितामुळें. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ हे खेळ तुलनेनें हलके आहेत. सायबरपंक २०७७ सारखा खेळ यंत्राचा घाम काढतो. पहिल्या संगणकास फुल एचडी पडदा पुरे, आणि तो १०० हर्ट्‌झच्या पुढें असला म्हणजे डोळ्यांस सुख होतें.

पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरविण्याचें काम ग्राफिक्स कार्डाचें. खेळाचे नियम, प्रतिस्पर्ध्याची चाल, गोळी लागली कीं चुकली, हा सगळा हिशेब प्रोसेसरचा. या दोहोंची जोडी जुळली पाहिजे. एका जुवाला थोराड बैल आणि कालचा गोऱ्हा जुंपला, तर वखर गोऱ्ह्याच्याच चालीनें चालतो; तसेंच येथेंही. बळकट कार्ड व दुबळा प्रोसेसर घेतला तर कार्ड नुसतें वाट पाहत बसतें. उलट केलें तर प्रोसेसरवर घातलेला पैसा निजून राहतो. खेळाच्या यंत्रांत मॉनिटर सोडून उरलेल्या शंभर रुपयांपैकीं पस्तीस ते चाळीस रुपये कार्डावर खर्चावे, व प्रोसेसरवर त्याच्या निम्मे, असा आमचा ठोकळ हिशेब आहे. रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय-५ १२४०० एफ यांपैकीं एक प्रोसेसर, आणि त्याबरोबर आरएक्स ६६००, आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ४०६० या तोलाचें कार्ड, ही जोडी फुल एचडी पडद्यास चांगली शोभते. इंटेलच्या क्रमांकामागें ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरला स्वतःचें चित्र काढतां येत नाहीं, हें ध्यानांत असावें. कार्डावांचून तो आणला तर पडदा काळाच राहील.

मदरबोर्ड घेतांना प्रोसेसरचें सॉकेट व मेमरीचा प्रकार, या दोनच गोष्टी कसोशीनें पाहाव्या. एएमडीचें एएम-४ सॉकेट २०१६ सालचें असून त्यास डीडीआर-४ रॅम लागते. २०२२ सालच्या एएम-५ ला डीडीआर-५. दोहोंची खांच निराळ्या जागीं असल्यामुळें एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं. आणि बळजबरीनें बसविणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत! एएम-४ स्वस्त पडतें, पण त्याची वाट आतां संपत आली आहे. एएम-५ ला २०२७ पर्यंत व त्यापुढेंही नवे प्रोसेसर देऊं, असें एएमडीनें जाहीर केलें आहे. सबब ज्यास पुढें भर घालीत जावयाचें आहे त्यानें दुसरें घ्यावें.

भर घालीत जाणें, हा आमच्याकडील घरांस सर्वांत मानवणारा मार्ग होय. एकाच वर्षीं सगळें आणावयाचा हट्ट कशास ? रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी यांसारख्या प्रोसेसरमध्यें चित्र काढण्याची बरी शक्ति अंगचीच असते. यंदां कार्ड न घेतां असा प्रोसेसर घ्यावा. अभ्यास, लेखन, प्रोग्रामिंग व हलके खेळ त्यावर चालतात. पुढील हंगामांत पैसा आला तर कार्ड आणून खोंचावें. मात्र या मार्गानें जाणारानें वीज देणारा भाग आणि पेटी या दोन वस्तु पहिल्याच वर्षीं पुढील कार्डाच्या हिशेबानें घेतल्या पाहिजेत. आणि नेमक्या याच दोन वस्तूंवर मुलें पैसे वांचवितात.

रॅम १६ जीबीची, आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन पट्ट्या असल्या म्हणजे प्रोसेसरला मेमरीकडे जाण्याचे दोन रस्ते होतात. कार्डाविना खेळणारास तर हा फरक डोळ्यांनीं दिसतो. रॅमच्या भावाबद्दल मात्र कोणीही भाकीत करूं नये. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा-केंद्रांनीं मेमरीची एवढी उचल केली कीं, घरगुती रॅमचे भाव कडाडले. दूर कोठें तरी मागणी हालते व येथील भाव बदलतो, हें कापूस पिकविणाऱ्या पालकांस आम्हीं काय सांगावें ?

आतां ज्या भागाची मुलें कधींच फुशारकी मारीत नाहींत त्याकडे येऊं : एसएमपीएस. घरांतील २३० व्होल्टांची वीज घेऊन तिची १२, ५ व ३.३ व्होल्टांची एकदिश वीज करून ती सर्व भागांस वांटणारी ही पत्र्याची डबी. ही बिघडली तर कधीं कधीं एकटी जात नाहीं. मदरबोर्ड आणि कार्ड यांसही बरोबर घेऊन जाते. म्हणून तिची पारख सांगतों. डबीच्या अंगावर एक कोष्टक चिकटविलेलें असतें. त्यांत १२ व्होल्टांच्या रकान्यांत जितके अँपिअर लिहिले असतील त्यांस १२ नें गुणावें. ४५ अँपिअर असतील तर ५४० वॅट झाले. अशी डबी स्वतःस ५५० वॅटांची म्हणवीत असेल तर तें म्हणणें योग्य. पेटीबरोबर जवळजवळ फुकट मिळणाऱ्या ‘४५० वॅट’च्या डबीवर त्याच रकान्यांत पुष्कळदां १५-१६ अँपिअरच आढळतात, म्हणजे पुरते २०० वॅटही नव्हेत. वर सांगितलेल्या जोडीचा प्रोसेसर भरास आला कीं ८०-९० वॅट घेतो, कार्ड ११५ ते १६५, व बाकीचें सर्व मिळून ५० च्या आसपास. एकंदर सुमारे ३०० वॅट. कार्ड क्षणभर याहून पुष्कळ अधिक ओढतें, म्हणून नांवाजलेल्या कंपनीची ५५० वॅटांची डबी घ्यावी. तिच्यावरील ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का वीज किती वांया जाते एवढेंच सांगतो. सुरक्षिततेची हमी तो देत नाहीं. तरीही शिक्का मुळींच नसलेली डबी आम्हीं कोणासही सुचविणार नाहीं.

वीजबिलाची धास्ती घेणाऱ्या पालकांसाठीं एक हिशेब : ३०० वॅट तीन तास चालले तर ०.९ युनिट, महिन्यास २७. महावितरणच्या दरांची पहिली पायरी १०० युनिटांची आहे; घराचा वापर तिच्या कांठावर असेल, तर हे २७ युनिट बिल वरच्या पायरीवर चढवितील. मुलानें हा आंकडा आधींच घरांत सांगितलेला बरा.

आमच्या जिल्ह्यांत विजेचें येणेंजाणें पाहतां आणखी दोन गोष्टी जरूर आहेत. पहिली अर्थिंग. पेटीच्या पत्र्यास हात लावतांच झिणझिण्या येत असतील, तर भिंतींतील तिसऱ्या भोंकांत अर्थिंगची तार नाहीं असें बहुधा समजावें. नवा एसएमपीएस आणून त्या थांबत नाहींत, वायरमन आणून थांबतात. हें काम संगणक आणण्यापूर्वीं करून घ्यावें. दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. वीज गेल्यावर एसएमपीएस आपल्या पोटांतील सांठ्यावर सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागाएवढाच तग धरतो. पुष्कळ घरगुती इन्व्हर्टरांवर यूपीएसचें बटण असतें; तें लावल्यानें बदल लवकर होतो व संगणक बंद पडत नाहीं. तें नसेल तर स्वतंत्र यूपीएस घ्यावा; पण ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हेत, सुमारे ३६०, आणि तेही खेळ आवरून यंत्र बंद करण्यापुरते. मृगाच्या आरंभीं गडगडाट सुरू झाला कीं नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. प्लग काढावा, आणि इंटरनेटची तारही काढावी.

उष्णतेचें प्रकरण याहून मोठें आहे. प्रोसेसरचें तापमान म्हणजे खोलीचें तापमान अधिक त्याची स्वतःची वाढ. समजा, ही वाढ ४५ अंश आहे. पौषांतल्या रात्रीं खोली २० अंशांवर असतां प्रोसेसर ६५ वर राहतो, आणि सर्व कसें छान चालतें. वैशाखांत बाहेर पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या छताखालीं खोली ४२ वर असते. तोच प्रोसेसर ८७ वर पोंचतो. बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या दरम्यान स्वतःचा वेग आपोआप कमी करतात, जळूं नये म्हणून. मुलगा म्हणतो, ‘यंत्र खराब झालें’. वस्तुतः यंत्र आपला जीव वांचवीत असतें. इंटरनेटवरील परीक्षणें बहुधा थंड देशांत किंवा वातानुकूलित खोलींत केलेलीं असतात, म्हणून त्यांतील आंकड्यांत यवतमाळसाठीं पंधरा-वीस अंश मिळवूनच वाचावें. याचा परिणाम पेटीच्या निवडीवर होतो. समोर कांच असलेली पेटी देखणी दिसते, पण तिला श्वास घेतां येत नाहीं. समोर जाळी, पुढें आंत वारा ओढणारे दोन पंखे, मागें बाहेर टाकणारा एक, आणि जाळीच्या आंत काढून धुतां येईल अशी गाळणी : आम्हांस एवढें पुरे वाटतें. दिवे असले काय, नसले काय. कापूस वेचणीच्या दिवसांत घराघरांत सरकी-कापसाचे बारीक तंतु उडतात, ते पंख्यांत गुंततात. त्या दोन-तीन महिन्यांत गाळणी दर पंधरवड्यास झटकावी.

विदर्भांतील कूलरविषयीं येथेंच सांगितलें पाहिजे. वाळ्याच्या टट्ट्यांतून येणारा वारा खोली थंड करतो, त्या मानानें संगणकासही लाभ होतो. परंतु तोच ओला झोत सरळ पेटीवर सोडला तर पाण्याचे तुषार व त्यांतील क्षार आंत बसतात, धूळ चिकट होते, आणि जोडांवर गंज चढतो. कूलर एका भिंतीस तर संगणक आडोशास ठेवावा. पेटी जमिनीवर न ठेवतां वीतभर उंचावर ठेवावी.

सांठवणासाठीं एक टीबीचा एसएसडी घ्यावा. जुन्या धर्तीची फिरती हार्ड डिस्क आतां मुख्य जागीं नको. हल्लीं मोठा खेळ १०० जीबीच्याही वर जातो. मोबाइलच्या रोज २ जीबीच्या पॅकवर तो उतरवून घेण्यास पन्नास दिवस लागतील, ही गोष्ट खेड्यांतील मुलें यंत्र आल्यावर शोधून काढतात. गांवांत फायबरची जोडणी नसेल, तर खेळांची निवडही त्या मानानेंच करावी.

राहतां राहिला बाजार. यवतमाळांत बहुतेक भाग मागवून मिळतात. अधिक निवड हवी तर नागपुरास सीताबर्डीवर, आणि मुंबईस जाणें होत असेल तर लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आतांच्या डॉ. भडकमकर मार्गावर, चक्कर टाकावी. भाव इंटरनेटवर पाहून जावें, पण चार पैशांच्या फरकासाठीं जवळच्या भल्या दुकानदारास सोडूं नये. भाग बिघडल्यावर नागपूरची फेरी त्या चार पैशांहून महाग पडते. जुनें कार्ड घ्यावयाचें झाल्यास विशेष जपावें. २०२१ च्या सुमारास आभासी चलन काढण्यासाठीं असंख्य कार्डें रात्रंदिवस राबविलीं गेलीं, आणि सप्टेंबर २०२२ मध्यें इथेरियम या चलनाची ती पद्धतच बंद झाल्यावर तीं जुन्या बाजारांत आलीं. अशीं सर्वच कार्डें वाईट नसतात, परंतु समोर अर्धा तास खेळ चालवून दाखविल्यावांचून पैसे मोजूं नयेत. नवा भाग घेतांना कच्ची चिठ्ठी नको; जीएसटीचें पक्कें बिल व त्यावर भागाचा अनुक्रमांक हवा, आणि वॉरंटीची मुदत संपेपर्यंत खोकें माळ्यावर ठेवावें.

भाग जोडून झाल्यावर मॉनिटरची तार मदरबोर्डाच्या तोंडांत न लावतां कार्डाच्या तोंडांत लावावी, व विंडोजच्या डिस्प्लेच्या पानावर जाऊन हर्ट्‌झचा आंकडा ६० वरून मॉनिटरच्या खऱ्या आंकड्यावर न्यावा. एवढें न केल्यामुळें महागडें कार्ड महिनोन्‌महिने रिकामें बसलेलीं यंत्रें आमच्या पाहण्यांत आहेत.